परवडणारं टर्नटेबल: घ्यावं कसं, बसवावं कसं

माळ्यावरून जुन्या रेकॉर्डचा गठ्ठा खाली आला की घरात पहिली चर्चा सुरू होते ती यंत्राची. कुठलं घ्यायचं, कितीला मिळतं, ऑनलाइन घ्यावं की दुकानातून. ही चर्चा तासभर पुढे ढकला. आधी गठ्ठा सतरंजीवर मांडा आणि त्याचे तीन ढीग करा. यंत्र कोणतं घ्यायचं याचा निम्मा निकाल तिथेच लागतो.

पहिला ढीग बारा इंची तबकड्यांचा. या एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या. मिनिटाला ३३⅓ फेरे घेतात आणि एका बाजूला साधारण वीस ते पंचवीस मिनिटांचं गाणं असतं. दुसरा ढीग सात इंची छोट्या रेकॉर्डचा, ज्यांना आपल्याकडे ईपी म्हणायची पद्धत होती. त्या बहुतेक ४५ फेऱ्यांच्या असतात. हे दोन्ही प्रकार व्हायनिलचे, म्हणजे एका लवचिक प्लास्टिकचे. फेऱ्यांचा आकडा लेबलावर छापलेला असतो. आकारावरून अंदाज बांधू नका, कारण सात इंचात ३३⅓ आणि दहा इंचात एलपीही सापडते.

तिसरा ढीग जड, ठिसूळ, दहा इंची तबकड्यांचा असेल तर त्या ७८ फेऱ्यांच्या आहेत. यांचा मसाला लाखेचा, त्यात दगडाची पूड मिसळलेली. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. हातातून सुटली की बशीसारखे तुकडे होतात, म्हणून हा ढीग मुलांच्या वाटेत ठेवू नका.

मराठी घरांत हा तिसरा ढीग निघण्याची शक्यता बरीच असते. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ यांची मूळ ध्वनिमुद्रणं ७८ चीच आहेत. मास्टर दीनानाथ १९४२ मध्ये गेले आणि एलपी जगात आली १९४८ साली. तेव्हा त्यांच्या आवाजाची एलपी आपल्याकडे असेल, तर ती जुन्या तबकड्यांवरून नंतर उतरवून काढलेली आहे.

हा ढीग वेगळा काढायचं कारण असं, की ७८ च्या तबकडीवरची खाच एलपीच्या खाचेपेक्षा कितीतरी रुंद असते. तिला लागणारी सुई एलपीच्या सुईपेक्षा टोकाला तीन-चार पट जाड असते. एलपीची बारीक सुई या रुंद खाचेत ठेवली तर ती तळाशी घासत जाते. गाणं कमी आणि खरखर जास्त ऐकू येते, सुईही लवकर झिजते. उलट ७८ ची जाड सुई एलपीवर ठेवली तर खाचेचीच वाट लागते. एकाच सुईवर दोन्ही वाजवता येत नाहीत. ‘सगळ्या रेकॉर्ड वाजतात’ असं दुकानदार म्हणाला, तर सुया दोन मिळणार का, एवढं विचारा.

आवाज येतो कुठून

यंत्र निवडण्याआधी पोटात काय चालतं ते पाहू, म्हणजे पुढचे शब्द परके वाटणार नाहीत.

तबकडीवरची खाच सरळ नसते, भिंग लावून पाहिलं तर ती नागमोडी दिसते. सुईचं टोक या वळणांतून जाताना थरथरतं. सुई एका बारीक दांडीवर बसवलेली असते आणि दांडीच्या दुसऱ्या टोकाला इवलंसं चुंबक असतं. चुंबक थरथरलं की शेजारच्या तारेच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते. ही सगळी मांडणी ज्या छोट्या डबीत असते तिला कार्ट्रिज म्हणतात. स्टिरिओ रेकॉर्डमध्ये खाचेची एक भिंत डाव्या स्पीकरसाठी आणि दुसरी उजव्यासाठी कोरलेली असते.

या डबीतून निघणारी वीज अगदी क्षीण, काही मिलिव्होल्ट एवढीच. शिवाय रेकॉर्ड कोरताना खर्जाचे सूर मुद्दाम दाबलेले आणि तार सूर मुद्दाम वाढवलेले असतात. खर्ज आहे तसा कोरला तर सुईची वळणं इतकी रुंद होतील की तबकडीवर फारसं गाणं मावणारच नाही. तार सूर वाढवून ठेवले की वाजवताना ते पुन्हा खाली आणता येतात आणि त्यांच्याबरोबर खाचेची खसखसही खाली येते. ही दाबादाबी किती करायची याचं माप १९५०च्या दशकात ठरलं, आणि एलपी आजही त्याच मापाने कोरल्या जातात.

वाजवताना हे माप उलटं फिरवायचं आणि क्षीण वीज वाढवायची, ही दोन्ही कामं करणाऱ्या भागाला फोनो प्रीअँप म्हणतात. याचं नाव लक्षात ठेवा. नवीन टर्नटेबल घेणाऱ्यांच्या तक्रारींत सगळ्यात जास्त वेळा हाच सापडतो.

काय घ्यायचं, काय टाळायचं

सुरुवात टाळण्यापासून करू. सुटकेससारखे दिसणारे, रंगीत, आतच स्पीकर असलेले रेकॉर्ड प्लेअर सगळीकडे दिसतात. किंमत कमी, दिसायला गोड, भेट द्यायला सोपे. ते घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. त्यातली कार्ट्रिज सहसा जुन्या सिरॅमिक पद्धतीची असते आणि सुई तबकडीवर पाच-सहा ग्रॅमच्या भाराने दाबली जाते. चांगल्या यंत्रात हा भार दोन ते साडेतीन ग्रॅमच्या आसपास असतो. भार कमीजास्त करायची सोय सुटकेसमध्ये बहुधा नसतेच. स्पीकर त्याच खोक्यात असल्याने त्यांची थरथर परत सुईपर्यंत पोचते. एकदा ऐकून फरक जाणवणार नाही. पण आईवडिलांनी जपलेली एलपी रोज त्यावर वाजवली तर तिचे तार सूर हळूहळू घासले जातात, आणि गेलेला सूर परत येत नाही.

पितळी कर्ण्याच्या ग्रामोफोनचं तर नावच नको. पर्यटकांच्या बाजारात ‘अँटिक’ म्हणून मिळणारे बरेचसे कर्णे नवेच घडवलेले असतात. जुना, खरा ग्रामोफोन असला तरी त्याची पोलादी सुई आणि जड साउंडबॉक्स फक्त ७८ साठी आहे. त्याच्याखाली एलपी ठेवली तर पहिल्याच वेळी खाच सोलून निघते.

आता घेण्याजोगं. आपल्याकडे फक्त एलपी आणि ईपी असतील आणि खटपट नको असेल, तर पूर्ण स्वयंचलित, पट्ट्यावर चालणारं, आत प्रीअँप असलेलं साधं टर्नटेबल पुरतं. ऑडिओ-टेक्निकाचं एटी-एलपी६०एक्स हे याचं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण. बटण दाबलं की आर्म, म्हणजे कार्ट्रिज धरणारा दांडा, स्वतः उचलला जातो, तबकडीच्या कडेला उतरतो आणि बाजू संपल्यावर परत जागेवर येतो. भार कारखान्यातच लावून दिलेला असतो. सोनीचं पीएस-एलएक्स३१०बीटी साधारण याच जातीचं, त्यात ब्लूटूथही आहे. दोन्हींत वेग दोनच, ३३⅓ आणि ४५. सुई बदलता येते, पण एलपी६०एक्समध्ये कार्ट्रिजची डबी बदलता येत नाही. ज्यांना गाणं ऐकायचं आहे, यंत्राशी खेळायचं नाही, त्यांनी इथेच थांबावं. यात कमीपणा काही नाही.

७८ च्या तबकड्या वाजवायच्या असतील, किंवा पुढेमागे चांगली कार्ट्रिज लावायची इच्छा असेल, तर वरच्या पायरीवर जावं लागतं. ऑडिओ-टेक्निकाचंच एटी-एलपी१२०एक्स हे तीन वेगांचं आहे. मोटर थेट थाळीखाली असते, भार हाताने लावता येतो, कार्ट्रिज बदलता येते. किंमत आधीच्या यंत्राच्या साधारण दुप्पट. त्याच्यासोबत येणाऱ्या व्हीएम९५ जातीच्या कार्ट्रिजची एक सोय फार उपयोगाची आहे: डबी तीच ठेवून पुढची सुई चिमटीत धरून काढता येते आणि ७८ ची जाड सुई तिथे बसवता येते. सुई बदलली की भारही बदलायचा. एलपीच्या सुईला २ ग्रॅमच्या आसपास, ७८ च्या सुईला ५ ग्रॅमच्या आसपास.

जुनं यंत्र घ्यावं का? मुंबईत चोरबाजारात, पुण्यात बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात फिलिप्सचे, एचएमव्हीच्या फिएस्टासारखे प्लेअर अजून दिसतात. त्यातल्या काहींत एक हुशारीची सोय असते. सुईची बारीकशी काडी उलटी फिरवली की एका बाजूला एलपीची सुई आणि दुसऱ्या बाजूला ७८ ची. पण आतलं रबर कडक झालेलं असतं, वंगण वाळून घट्ट झालेलं असतं आणि योग्य सुई मिळवणं हीच मोठी कामगिरी होऊन बसते. ओळखीचा दुरुस्ती करणारा असेल तर जरूर घ्या. नसेल तर पहिलं यंत्र नवंच बरं.

अमेरिकेतले नातेवाईक त्यांचं जुनं टर्नटेबल देऊ करतात तेव्हा नीट पाहा. तिथली वीज १२० व्होल्टची आणि ६० हर्ट्झची, आपली २३० व्होल्टची आणि ५० हर्ट्झची. व्होल्ट उतरवायला ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण साधा ट्रान्सफॉर्मर हर्ट्झ बदलत नाही. थेट घरच्या विजेवर फिरणाऱ्या जुन्या मोटरचा वेग या हर्ट्झवर ठरलेला असतो. ती आपल्याकडे सहाऐवजी पाचच्या प्रमाणात फिरते, म्हणजे ३३⅓ च्या जागी २८ च्याही आत. लताबाई एकदम खालच्या पट्टीत रेंगाळत गायला लागतात. अशा यंत्रासाठी मोटरवर बसणारी ५० हर्ट्झची चकती वेगळी मिळवावी लागते, आणि ती प्रत्येक वेळी मिळतेच असं नाही. नव्या यंत्रात ही अडचण सहसा येत नाही. अ‍ॅडॅप्टरवर ‘१०० ते २४० व्होल्ट’ लिहिलेलं असलं की काळजी मिटली.

यंत्राबरोबर स्पीकरचा हिशेब धरा, कारण टर्नटेबल एकटं बोलत नाही. सगळ्यात सुटसुटीत जोडी म्हणजे आत प्रीअँप असलेलं टर्नटेबल आणि आत अँप्लिफायर असलेले स्पीकर, ज्यांना पॉवर्ड स्पीकर म्हणतात. घरात जुना अँप्लिफायर आणि लाकडी स्पीकर असतील तर फारच छान, तेच वापरा. ब्लूटूथने आवाज स्पीकरवर पाठवता येतो, पण वायर लावण्याची सोय असताना वायरच लावावी. पैसे कमी पडत असतील तर यंत्रावर थोडे कमी आणि स्पीकरवर थोडे जास्त खर्च करा. मात्र सुईची जात चांगलीच हवी, तिथे काटकसर नको.

खोकं उघडल्यावर

आधी जागा ठरवा. टर्नटेबलला दोन गोष्टी सोसत नाहीत: उतार आणि हादरा. गवंड्याकडची पाणसळ, म्हणजे बुडबुड्याची नळी, टेबलावर आडवी आणि उभी ठेवून पाहा. मोबाइलमध्येही ही सोय असते. टेबल हलत असेल तर पायाखाली पुठ्ठ्याची घडी चालेल, पण यंत्राच्या पायाखाली नको.

स्पीकर त्याच टेबलावर किंवा त्याच फळीवर ठेवू नका. स्पीकरची थरथर टेबलातून सुईत जाते, सुईतून परत स्पीकरमध्ये, आणि आवाज वाढवला की घूंऽऽ असा न थांबणारा हुंकार सुरू होतो. पुष्कळांना हा यंत्राचा दोष वाटतो आणि यंत्र परत पाठवलं जातं. लोखंडी कपाटाचा माथाही टाळा, त्याचा पत्रा घुमतो. खिडकीतलं दुपारचं ऊन यंत्रावर आणि रेकॉर्डवर येणार नाही हेही पाहा.

खोक्यातून सुटे भाग काढताना आर्म बांधून ठेवणारी चिकटपट्टी, तार, थर्माकोलचा तुकडा शोधून काढा. एखादा तुकडा राहून जातो आणि आर्म अडतो. सुईवरचं प्लास्टिकचं टोपण मात्र शेवटपर्यंत काढू नका.

आता थाळी. ती मधल्या खुंटीवर सरळ बसवा. पट्ट्याचं यंत्र असेल तर पट्टा थाळीच्या खालच्या कडेला आधीच गुंडाळलेला असतो. थाळीला दोन मोठी भोकं दिसतील. थाळी फिरवून एका भोकात मोटरची पितळी चकती आणा, पट्ट्याला बांधलेली फीत धरून तो ओढा आणि चकतीवर अडकवा. फीत काढून टाका. पट्ट्याला पीळ पडला असेल किंवा त्याला तेलकट बोटं लागली असतील तर वेग हलतो आणि गाणं डुलायला लागतं. थाळी हाताने पाच-सहा वेळा गरागरा फिरवली की पट्टा आपली जागा घेतो.

वर रबराची किंवा नमद्याची चटई ठेवली की हे काम झालं.

भार लावणं

पूर्ण स्वयंचलित यंत्र घेतलं असेल तर हा भाग वाचून सोडून द्या. हाताने भार लावायचा असेल तर इथे घाई करू नका. अवघड काहीच नाही, पण क्रम चुकला की सगळंच चुकतं.

आर्मच्या मागच्या टोकाला फिरवून पुढेमागे होणारं एक जड वजन असतं. पुढची कार्ट्रिज आणि मागचं वजन यांचा तराजू आधी सम करायचा. अँटी-स्केटिंग नावाची छोटी चकती शून्यावर आणा (ती कशासाठी, ते पुढे येईलच). सुईचं टोपण काढा. आर्म खुंटाळ्यातून सोडवून थाळीच्या बाहेर, मोकळ्या हवेत धरा आणि मागचं वजन हळूहळू फिरवत जा. आर्म खाली झुकत नाही, वरही उडत नाही, आडवा तरंगत राहतो, अशी जागा येते. या सगळ्यात सुई कशालाही टेकू देऊ नका.

आर्म परत खुंटाळ्यात ठेवून अडकवा. मागच्या वजनावर आकड्यांची एक कडी असते, ती एकटी फिरते. वजन न हलवता फक्त ती कडी शून्यावर आणा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, कारण कडीबरोबर वजनही फिरतं आणि शून्य खोटं ठरतं. आता कडीसकट पूर्ण वजन फिरवून कार्ट्रिज बनवणाऱ्याने सांगितलेल्या आकड्यावर आणा. व्हीएम९५ई असेल तर २. खात्रीसाठी सुईचा भार मोजणारा छोटा डिजिटल काटा मिळतो. तो महाग नसतो आणि कडीच्या आकड्यापेक्षा जास्त भरवशाचा असतो.

भार कमी ठेवला तर रेकॉर्ड जास्त टिकेल, असं पुष्कळांना वाटतं. होतं उलट. हलकी सुई खाचेत नीट बसत नाही, जोरकस तानेला उसळते आणि परत आपटताना भिंतीला टवके पाडते. सांगितलेल्या मर्यादेत मधला आकडा किंवा किंचित वरचा ठेवावा. आणि रेकॉर्ड अडकायला लागली की आर्मवर चार आण्याचं नाणं चिकटवायची जी जुनी पद्धत होती, ती आता विसरायला हरकत नाही. तेव्हा नाण्याने सुई खाचेत दाबून नेली जायची, खाच नांगरली गेली तरी चालायचं.

आता अँटी-स्केटिंग. फिरत्या तबकडीवर आर्म आपोआप आतल्या बाजूला ओढला जातो. त्या ओढीला बाहेरून किंचित विरोध देण्याचं काम ही चकती करते. भाराचा जो आकडा, तोच इथे लावा. हेडफोनवर ऐकताना उजवा आवाज फाटका आणि डावा स्वच्छ असं वाटलं तर हा आकडा थोडा वाढवून पाहा.

कार्ट्रिज स्वतः बसवायची असेल तर चार बारीक तारांचे रंग पाळायचे: पांढरी आणि निळी डाव्या बाजूची, लाल आणि हिरवी उजव्या बाजूची. मग कागदी मोजपट्टीवर सुई ठेवून कोन जुळवायचा. पहिल्या यंत्रात कार्ट्रिज बसवलेलीच येते, तेव्हा ही कसरत दुसऱ्या यंत्रापर्यंत राखून ठेवा.

जोडणी आणि पहिली परीक्षा

यंत्रातून दोन वायर निघतात. लाल उजवी, पांढरी डावी. यंत्राच्या मागे एक खटका असतो, त्याच्या एका बाजूला ‘फोनो’ आणि दुसऱ्या बाजूला ‘लाइन’ लिहिलेलं असतं. ‘लाइन’वर ठेवलं की आतला प्रीअँप चालू होतो, ‘फोनो’वर ठेवलं की बंद. पॉवर्ड स्पीकरला किंवा अँप्लिफायरच्या साध्या जागी जोडताना ‘लाइन’. अँप्लिफायरवर ‘फोनो’ लिहिलेली जागा असेल आणि तिथे जोडायचं असेल तर यंत्राचा खटकाही ‘फोनो’वर.

आवाज मुंगीसारखा बारीक आणि चिरका आला, खर्ज नावालाही नाही, तर प्रीअँप कुठेच चालू नाही असं समजा. आवाज फाटका, भसाडा, छातीवर बसणारा आला तर प्रीअँप दोन ठिकाणी चालू आहे. दोन्हींवर उपाय तो एक खटका. दुकानदाराला फोन करण्याआधी तो पाहा.

गाणं थांबलं तरी मागे हंऽऽ अशी सलग घरघर राहत असेल तर ती विजेची आहे. काही यंत्रांना तिसरी बारीक तार असते, ती अँप्लिफायरच्या मागच्या स्क्रूला लावायची राहून गेली असेल. अ‍ॅडॅप्टर किंवा विजेच्या वायरी या वायरींना बिलगल्या असतील तर त्या दूर करा. काही जुन्या इमारतींत अर्थिंगच नसतं, तीन पिनांचा प्लग असूनही तिसरं भोक रिकामंच असतं. ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेणं रेकॉर्डसाठीच नव्हे, घरासाठीही गरजेचं आहे.

आता वेग. थाळीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवा, यंत्र ३३⅓ वर सुरू करा आणि घड्याळ लावून फेरे मोजा. तीन मिनिटांत बरोबर १०० फेरे व्हायला हवेत. दोन-तीन फेऱ्यांचाही फरक आला तर पट्टा पाहा. तो नीट असेल तर यंत्राच्या खाली वेगाचा बारीक स्क्रू असतो का, ते माहितीपत्रकात पाहा.

वेग आणि सुई या दोन गोष्टी सांगितल्याशिवाय तबकडी कुणालाच वाजवता येत नाही, हे नासालाही टळलं नाही. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकड्या पाठवल्या, त्यांत गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांचा आवाज आहे. ती तबकडी मिनिटाला १६⅔ फेऱ्यांची. सोबत कार्ट्रिज आणि सुई दिली आहे आणि सुई कशी ठेवायची, एक फेरा किती वेळात व्हावा, हे वेष्टनावर चित्रांत कोरलं आहे. परग्रहावरच्या कुणाला हे माहितीपत्रक वाचावं लागणार असेल, तर आपण आपल्या यंत्राचं वाचायला हरकत नाही.

पहिल्या वाजवणीला जिवापाड जपलेली रेकॉर्ड लावू नका, एखादी सामान्य निवडा. आवाज अगदी खाली ठेवा. तबकडी नेहमी कडा आणि मधलं लेबल यांना धरून उचला, खाचांवर बोटं नकोत. आर्म हाताने टाकण्याऐवजी शेजारच्या उचलणीच्या दांडीने उतरवा. सुई टेकल्यावरच आवाज वाढवा आणि उचलण्याआधी कमी करा.

सुई उड्या मारत असेल तर क्रमाने पाहा. सुईच्या टोकाला कापसासारखा धुळीचा गोळा आहे का, टेबल सपाट आहे का, भार बरोबर आहे का. तिन्ही ठीक असून एकाच रेकॉर्डवर एकाच जागी उडी पडत असेल तर दोष त्या रेकॉर्डचा.

धूळ, बुरशी आणि पावसाळा

आपल्या हवेत रेकॉर्डचा खरा शत्रू बुरशी आहे. मुंबई, कोकण, गोवा इथे दोन पावसाळे बंद कपाटात काढलेल्या एलपीवर पांढरे, धुरकट ठिपके येतात. तशीच वाजवली की ते सुईला चिकटतात आणि सगळा आवाज घोगरा होतो.

रोजच्यासाठी कार्बनच्या तंतूंचा ब्रश पुरतो. तबकडी फिरत असताना तो अलगद टेकवायचा आणि धूळ कडेला आणून उचलायची. बुरशीसाठी मात्र धुवावंच लागतं. ऊर्ध्वपातित पाणी, म्हणजे बॅटरीत घालायला मिळतं तसं क्षाररहित पाणी, त्यात सौम्य, बिनवासाच्या भांडी धुण्याच्या द्रावाचे दोन थेंब. मऊ कापडाने खाचांच्या दिशेने, गोल, हलक्या हाताने पुसा, आडवं घासू नका. मग नुसत्या पाण्याने पुन्हा पुसा, लेबल कोरडं ठेवा आणि सावलीत उभी करून वाळवा. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार खाचेत बसतात.

७८ च्या तबकडीला स्पिरिट, सॅनिटायझर किंवा अल्कोहोल असलेला कुठलाही द्राव लावू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. सुतार पॉलिश करताना लाख स्पिरिटमध्येच विरघळवतो, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना अधिक सांगायला नको.

रेकॉर्ड नेहमी उभ्या ठेवा, पुस्तकांसारख्या. एकावर एक रचल्या तर खालच्या वाकतात, आणि उन्हाळ्यात गाडीत विसरलेली एलपी तासाभरात ताटलीसारखी होते. कागदी पिशव्या कुजल्या असतील तर नव्या घ्या. बाहेरून घट्ट प्लास्टिकचं आवरण घातलं असेल तर पावसाळ्यात ते उघडं ठेवा, आत दमट हवा कोंडते.

सुई हिऱ्याची असली तरी झिजते. साध्या गोल टोकाच्या सुईचं आयुष्य ३०० ते ५०० तास धरा. रोज एक एलपी ऐकली तर साधारण दीड वर्ष. आवाज बिघडल्याचं कानाला कळेपर्यंत झिजलेली सुई रेकॉर्डचं नुकसान करून मोकळी झालेली असते, म्हणून सुई बसवल्याची तारीख यंत्राच्या खाली लिहून ठेवा. ब्रशने सुई पुसताना मागून पुढे, एकाच दिशेने.

नव्या रेकॉर्ड मुंबई-पुण्याच्या मोजक्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळतात, पण किमती चढ्या आहेत. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे रेकॉर्डचं दुकान २०१६ मध्ये बंद झालं, तेव्हापासून हातात घेऊन, उलटून पाहून घेण्याची जागा कमी झाली आहे. जुन्या बाजारातून घेताना तबकडी उजेडात तिरपी धरून पाहा. केसासारख्या पुसट रेषा चालतात, पण नखाला लागणारी चर असेल तर ती वाजताना प्रत्येक फेऱ्याला टक् टक् ऐकू येणार.

शेवटचं त्या तिसऱ्या ढिगाबद्दल. आपल्या यंत्रावर ७८ च्या तबकड्या वाजत नसतील तर त्या रद्दीत किंवा भंगारात घालू नका. प्रत्येक तबकडीच्या दोन्ही लेबलांचा मोबाइलवर फोटो काढा, गायकाचं नाव आणि तबकडीचा क्रमांक वहीत उतरवा. मुंबईत १९९० साली सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या मंडळींना आणि जाणत्या संग्राहकांना असल्या तबकड्यांची किंमत कळते. अशा कुणाला दाखवल्याशिवाय एकही तबकडी घराबाहेर जाऊ देऊ नका.